रिकाम्या गोलसमोर

लोरिस पेद्राझीला सगळे बोंबर म्हणायचे, म्हणजे गोलांचे बॉम्ब टाकणारा. त्यात कौतुक वगैरे काही नव्हतं. फुटबॉलमध्ये आघाडीला खेळणाऱ्या कुठल्याही माणसाला इटलीत बोंबर म्हणतात, मग त्याने वर्षभरात गोल केले असोत वा नसोत. दुकानदार गिऱ्हाइकाला शेठ म्हणतो, त्यातलाच प्रकार.

तिसऱ्या आणि चौथ्या विभागातल्या पंधराएक क्लबांच्या जर्सी त्याने अंगात घातल्या होत्या. कुठल्या तरी क्लबाचा फॉरवर्ड जानेवारीत लंगडा झाला किंवा पळून गेला, की लोरिसला फोन यायचा. जूनमध्ये त्याला निरोप मिळायचा. गावं त्याच्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली होती. अध्यक्ष सगळीकडे एकाच छापाचा असायचा: धंदा सिमेंटचा नाहीतर कोंबड्यांचा, पहिल्या दिवशी कडकडून मिठी, शेवटच्या दिवशी फोन बंद. प्रेक्षकही तसेच. पहिल्या गोलला 'आमचा लोरिस', तिसऱ्या चुकीला त्याच्या आईचा उद्धार. ह्या सगळ्याचा त्याला उबग आला होता आणि तो तसं तोंडावर बोलायचा. म्हणूनही त्याला जूनमध्ये निरोप मिळत असावा.

पण एका गोष्टीचा त्याला माज होता. त्याने कधी सामना विकला नव्हता.

मोसमाच्या शेवटी दोन्ही संघांना बरोबरी पुरत असली की मैदानावर काय चालतं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. चेंडू मधल्या मध्ये फिरतो, कोणी कोणाला अडवत नाही, प्रेक्षक भोपळ्याच्या बिया सोलत ऊन खात बसतात. कोणी कोणाशी काही ठरवलेलंही नसतं, नुसतं समजून घ्यायचं असतं. अशाच एका सामन्याआधी दक्षिणेतल्या एका क्लबाने लोरिसला सुचवलं होतं, की तुझ्या मांडीचा स्नायू दुखतोय असं म्हण. तो म्हणाला, दुखत नाही. पुढे मोसम संपेपर्यंत त्याला संघाबाहेर काढून एकट्याला मैदानाभोवती धावायला लावलं. बाकीचे सराव करायचे आणि हा कडेकडेने फेऱ्या मारायचा, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा. 'मी वाईट खेळलो असेन, पण खोटं खेळलो नाही,' हे वाक्य त्याने बायकोला इतक्यांदा ऐकवलं होतं, की ते ऐकताना ती भांडी घासायची थांबतही नसे.

बायको मिरेल्ला, कास्तेल्वेरोची. मार्के प्रांतातलं टेकडीवरचं गाव. लोरिस तिथे सलग तीन मोसम खेळला, त्याच्या आयुष्यातला तेवढाच एक लांब मुक्काम. तिथेच त्याचं लग्न झालं. सासऱ्याचा, ग्वाल्तिएरोचा, बार स्टेडियमच्या फाटकासमोर. लोरिस गावोगाव फिरत राहिला तरी मिरेल्ला तिथेच राहिली, बापाच्या बारमध्ये कॉफी काढत. खेळणं थांबलं की लोरिसही तिथेच जाऊन राहणार होता. गुडघ्याने आता रोज सकाळी कुरकुर सुरू केली होती, म्हणजे तो दिवस काही लांब नव्हता.

त्या वर्षी तो खाली दक्षिणेत, समुद्रकाठच्या रोक्कामाराकडून खेळत होता. मोसम घाणेरडा गेला. तळाच्या दोन संघांनी एकमेकांशी खेळायचं, हरेल त्याने खालच्या विभागात जायचं, अशी पाळी आली. दुसरा संघ कोणता, तर कास्तेल्वेरो. रोक्कामारातला पहिला सामना बरोबरीत सुटला. दुसरा कास्तेल्वेरोत. गुणतक्त्यात वर असल्यामुळे कास्तेल्वेरोला बरोबरी पुरत होती, रोक्कामाराला मात्र जिंकणं भाग होतं. थोडक्यात, लोरिसने गोल मारला तर बायकोचं गाव बुडणार होतं. नाही मारला तर त्याचा संघ.

शनिवारी रोक्कामाराची बस टेकडीखालच्या हॉटेलवर येऊन लागली. सासरी जेवायला जायची परवानगी लोरिसला न मागता मिळाली, तिथेच त्याला शंका आली. क्लबाचा व्यवस्थापक स्कार्पेत्ता दारात दात कोरत उभा होता. ह्या स्कार्पेत्ताने सबंध वर्षात लोरिसला धड नमस्कार केला नव्हता.

"पेद्राझी, मांडी कशी आहे?" त्याने मायेने विचारलं.

"बरी आहे."

"नाही, दुखत असेल तर सांग. कोणी वाईट मानणार नाही. बायकोचं गाव आहे शेवटी, आम्हाला काय समजत नाही का?"

ह्याचा आपल्यावर भरवसा नाही हे कळून लोरिसला तिथल्या तिथे त्याच्या हातातली काडी मोडावीशी वाटली. त्याने मांडी ठणठणीत असल्याचं पुन्हा सांगितलं आणि चालत चढ चढून गेला.

सासुरवाडीला बेत जोरदार होता. खिमा भरून तळलेले ऑलिव्ह, थरांची लाझान्या, वर बडीशेपेचा वास मारणारा ससा. एवढं तर लग्नातही केलं नव्हतं. सामन्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. हवा, शेजाऱ्याचं ऑपरेशन, बारच्या नव्या शीतकपाटाचा आवाज, असल्या गप्पा चालल्या. फळं आली तेव्हा ग्वाल्तिएरोने एक पेअर सोललं, फोड सुरीच्या टोकावर धरून जावयापुढे केली आणि म्हणाला, "लोरिस, तुझी मांडी कशी आहे रे?"

लोरिस हसला. मग त्याचं हसू गेलं. "माझ्या मांडीची एवढी काळजी आजवर माझ्या आईनेही केली नव्हती," तो म्हणाला. "मी उद्या खेळणार आहे, ग्वाल्तिएरो. आणि संधी मिळाली तर गोल मारणार आहे."

ग्वाल्तिएरो रागावला नाही. त्याने शांतपणे हिशेब मांडला. ह्या वेळी क्लब खाली गेला तर पुन्हा उभा राहणार नाही, क्लब गेला की रविवार गेला, आणि रविवार गेला की बार गेला. मुलगी कुठे जाईल? जावई तरी कुठे राहायला येणार आहे? मग त्याने उरलेली फोड स्वतःच खाल्ली.

"तुला कोण काय करायला सांगतंय?" तो म्हणाला. "आयुष्यभर गोल चुकवत आलास, बाळा. उद्या एक जास्त चुकव. कोणाच्या लक्षातही येणार नाही."

लोरिस ताटावरून उठला. ज्या माणसाच्या घरात म्हातारपण काढायचं, त्याला आपली किंमत एवढीच वाटते, हे त्याला पहिल्यांदा कळलं. जिन्यात मिरेल्ला मागून आली. तिने त्याच्या कॉलरची घडी नीट केली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुला ह्याच गावात राहायचंय, माझ्याबरोबर. विसरू नकोस."

"म्हणूनच मारणार. मला इथे तोंड वर करून राहायचंय."

"इथे तोंड वर करून राहायचं असेल तर उलटं कर," ती म्हणाली आणि कॉफी ठेवायला आत गेली.

रविवारी स्टेडियम गच्च भरलं होतं. कास्तेल्वेरोचे पाठीराखे गोलच्या मागच्या कठड्यावर चढून बसले होते, ढोल बडवत होते. लोरिसचं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. रोक्कामाराचे दोन बसभर लोक दुसऱ्या टोकाला होते, त्यांनी त्या टाळ्या ऐकल्या आणि तोंडं वाकडी केली.

सामना कसला, नुसती झोंबाझोंबी. दोन्हीकडचे घाबरलेले, चेंडू पायात आला की लांब हाणायचा, एवढंच. लोरिस मात्र जीव तोडून खेळला. हे नीट सांगायला हवं, कारण नंतर ते कोणी सांगितलं नाही. जुन्या मित्रांची कोपरं त्याने बरगड्यांत खाल्ली, डोक्याने मारलेला एक चेंडू गोलकीपरने बोटांच्या टोकाने वळवला, एकदा ऑफसाइडचा झेंडा उगाच वर गेला म्हणून तो लाइनमनवर धावून गेला. उत्तरार्धात त्याला वाटायला लागलं, की आज मी मारणार. सबंध कारकिर्दीत असं वाटण्याचे दिवस थोडेच आले होते. त्याला भीती वाटत नव्हती, सासऱ्याचा रागही राहिला नव्हता. नुसता चेंडू हवा होता.

शेवटची काही मिनिटं उरली असताना तो मिळाला. उजवीकडून रोक्कामाराचा विंगर सुटला, गोलकीपर त्याच्या अंगावर गेला, आणि विंगरने चेंडू जमिनीलगत आडवा सारला. गोल रिकामा. मध्ये कोणी नाही. लोरिस रेषेपासून चार पावलांवर. नुसता पाय लावायचा होता. त्याची सासू तिच्या सपाता घालून आली असती तरी तिने तो मारला असता.

लोरिसने डोळे उघडे ठेवून, पूर्ण मनाने मारला. आणि चेंडू गोलच्या आडव्या दांड्यावरून गेला.

काय झालं ते त्याचं त्यालाही नीट कळलं नाही. पाय टेकायचा तिथे टेकला नाही, गुडघा वळायचा तेव्हा वळला नाही, चेंडू बोटांवर घ्यायचा तो खालून उचलला गेला. शरीर क्षणभर उशिरा पोचलं, बस्स. तो गोलच्या जाळीत जाऊन पडला. वर पाहिलं तर कठड्यावरचे लोक उभे राहिलेले. मग एकाने त्याचं नाव घेतलं. मग दुसऱ्याने. मग ढोल सुरू झाला आणि अख्खं गाव ओरडायला लागलं: लोरिस, लोरिस, आमचा लोरिस.

जाळीत पडल्या पडल्या त्याला समजलं, की हे आपले आभार मानताहेत.

सामना बरोबरीत संपला. रोक्कामाराचा एकही खेळाडू त्याला उठवायला आला नव्हता, संपल्यावरही कोणी जवळ आलं नाही. ड्रेसिंग रूमच्या बाहेर, बोळात, त्याची बॅग पडली होती आणि बॅगेबाहेर त्याचे कपडे. स्कार्पेत्ता पुढून गेला, थांबला, फरशीवर थुंकला आणि पुढे गेला. कप्तानाला लोरिसने दंडाला धरून थांबवलं. तो बिचारा रडत होता, समुद्रकाठच्या गल्लीतलाच पोरगा तो, तिथेच वाढलेला.

"मी मारायलाच गेलो होतो," लोरिस म्हणाला. "माझ्याकडे बघ. मारायलाच गेलो होतो."

"चार पावलांवरून?" कप्तान म्हणाला. "आम्हाला येडं समजतोस का? निदान गप्प तरी बस."

बस त्याला न घेता गेली. त्याने कपडे गोळा केले आणि फाटक ओलांडून समोरच्या बारमध्ये गेला, दुसरीकडे जाणार तरी कुठे. आत शिरताच ग्वाल्तिएरोने त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, पाठ लाल होईपर्यंत थापा मारल्या, कोणी बडीशेपेची दारू घातलेली कॉफी हातात कोंबली. लोरिस सांगत होता, की मी चुकलो, मला मारायचा होता. लोक एकमेकांना डोळे मिचकावून म्हणत होते, बरोबर आहे, बरोबर आहे, असंच सांगायचं. जितकं तो खरं बोलेल तितका तो त्यांना हुशार वाटत होता.

फुटबॉल संघटनेने चौकशी केली. एक गृहस्थ टाय लावून आले, बँकेची खाती बघितली, पैसे सापडले नाहीत. तेव्हा ह्याने प्रेमापोटी केलं असणार असं सगळ्यांनी आपापल्या मनात ठरवलं आणि कागद बंद झाले. माणूस नुसता चुकूही शकतो, हे त्या टायवाल्याच्याही डोक्यात आलं नाही. ह्या देशात पाऊस पडला तरी लोक विचारतात, कोणी पाडला.

लोरिस शेवटी पाद्रीकडे गेला. कबुलीच्या खिडकीपाशी गुडघे टेकून म्हणाला, "फादर, मी तो गोल मुद्दाम चुकवला नाही." आतून खाकरण्याचा आवाज आला. मग पाद्री म्हणाले, की बाळा, जे केलं नाही त्याची कबुली कशाला देतोस? आणि जे केलंस त्याबद्दल देव गावाच्या बाजूने विचार करील. लोरिसला जाळीतून त्यांचं हसू दिसलं. त्याने क्रूसाची खूणही केली नाही, तसाच बाहेर पडला.

मिरेल्लाची गोष्ट त्याहून वाईट होती. ती त्याच्याशी इतक्या प्रेमाने वागायला लागली, की लग्नाच्या पहिल्या वर्षातही वागली नसेल. सकाळी कॉफी अंथरुणात आणून द्यायची. जाता येता केसांतून हात फिरवायची. एकदा त्याने तिचा हात धरला आणि म्हणाला, "मिरेल्ला, मी तुझ्यासाठी काही केलेलं नाही. मी तुम्हाला बुडवायला निघालो होतो. जमलं नाही."

"हो," ती त्याच्या कपाळावर ओठ टेकत म्हणाली. "मला तरी खरं सांगत जा रे. मी काय परकी आहे?"

तिच्या त्या प्रेमाची त्याला किळस यायला लागली, आणि किळस येते म्हणून स्वतःची. कारण ते त्याला आवडतही होतं. बेकरीवाली पाव फुकट देत होती, तोही तो घेत होता. क्लबाने त्याला लहान पोरांना गोल मारायला शिकवायचं काम दिलं, तेही त्याने घेतलं. काय शिकवायचं ते कोणी सांगितलं नाही. ह्या लोकांना त्याने केलेली फसवणूक हवी होती, त्याचा खरेपणा त्यांना कवडीइतकाही नको होता. ज्या एका गोष्टीचा त्याला माज होता, ती त्यांनी त्याच्या खिशातून काढून घेतली होती आणि वर त्याचे मुके घेत होते. रोज सकाळी दाढी करताना तो ठरवायचा, की एक तरी माणूस भेटू दे, फक्त एक, जो म्हणेल की हा मारायलाच गेला होता. मग बाकीचं गाव चुलीत गेलं तरी चालेल.

तो माणूस ऑगस्टमध्ये भेटला.

पलीकडच्या गावचा गुरांचा डॉक्टर, ओरेस्ते नाव. जाडजूड, घामाघूम, गमबूट घातलेला. कोणाची तरी अडलेली गाय सोडवून परत जाताना थंड पाणी प्यायला बारमध्ये शिरला. लोक पत्ते खेळत होते. सवयीप्रमाणे कोणीतरी पाहुण्याला लोरिस दाखवला, की हाच तो, ज्याने आम्हाला वाचवलं, रिकाम्या गोलसमोर चेंडू आकाशात हाणला, काय काळीज म्हणायचं.

ओरेस्तेने लोरिसकडे निरखून पाहिलं. "मुद्दाम?" तो म्हणाला. "कोण म्हणतं? मी होतो त्या दिवशी, गोलच्या मागेच. हा माणूस जीव तोडून मारायला गेला होता. गुडघा वळला नाही त्याचा, बाकी काही नाही. म्हातारा झालाय बिचारा. माझ्याकडे एखाद्या जनावराचा पाय असा पडला तर मी मालकाला सांगतो, आता ह्याला जुंपू नका."

पत्ते हातात तसेच राहिले. ग्वाल्तिएरोने फडकं खाली ठेवलं. गल्ल्यामागून मिरेल्ला नवऱ्याकडे बघत होती, आणि पहिल्यांदाच तिच्या कपाळावर आठी आली होती.

हेच तर लोरिसला हवं होतं. मेपासून ह्याच वाक्यासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता. नुसतं 'खरं आहे' म्हणायचं होतं. तेवढ्याने झालं असतं.

पण त्याच्या कानात 'बिचारा' शब्द घुसला होता. 'म्हातारा' त्याने सहन केलं असतं, जनावरही सहन केलं असतं. पण सगळ्या गावादेखत कोणी आपली कीव करावी? पंधरा क्लब, एवढी वर्षं, आणि शेवटी चार पावलांवरून रिकाम्या गोलमध्ये चेंडू घालता न आलेला माणूस? त्याचं तोंड कानापर्यंत तापलं. तो उठला.

"मला चार पावलांवरून मारता येत नाही असं म्हणता?" तो म्हणाला.

त्याने दोन खुर्च्या ओढून भिंतीपाशी गोल केला. गल्ल्यावरच्या टोपलीतलं एक लिंबू घेऊन जमिनीवर ठेवलं. डाव्या पायाच्या टोकाने फरशीवरची जागा दाखवली. पाय इथे टेकला तर गोल, तो समजावून सांगत होता, आंधळ्यालाही जमेल. म्हणून मी तो इथे टेकला, वीतभर मागे. अंग मागे झुकवलं. गुडघा मुद्दाम कडक ठेवला, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की वळला नाही. मग त्याने पाय हाणला आणि लिंबू खुर्च्यांच्या वरून जाऊन भिंतीवर फुटलं.

एकच गलका झाला. पत्ते खेळणारे टेबलं बडवायला लागले. शेवटी कबूल केलंन, शेवटी कबूल केलंन, असं जो तो म्हणत होता. ग्वाल्तिएरोने सगळ्यांसाठी दारू काढली. मिरेल्लाच्या कपाळावरची आठी गेली होती, तिने कौतुकाने मान हलवली. लोरिसने पाय तसाच ठेवला होता, वीतभर मागे, नीट दिसेल असा.

ओरेस्तेने पाण्याचा पेला गल्ल्यावर ठेवला. "मग माझंच चुकलं," तो म्हणाला. "माफ करा. मी तुम्हाला सरळ माणूस समजत होतो."

तो गेला. दाराबाहेर त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"बोंबर, मला नीट दिसलं नाही," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं. "पुन्हा एकदा दाखव की."

लोरिसने टोपलीतून दुसरं लिंबू घेतलं, खुर्च्या सरळ केल्या आणि पुन्हा एकदा दाखवलं.